कालव्याचं हेड

मागच्या वर्षी आई-अण्णा फ्रान्सला, तुलूझला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना इथल्या कालव्यावर, 'कनाल द्यु मिदी'वर, घेऊन गेले. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. दोन्ही काठांना उंचच उंच प्लेनची झाडं, मधून हिरवट संथ पाणी, कडेनं सायकलींची वाट. आई झाडं बघत राहिली. अण्णा मात्र काठाशी उकिडवे बसले आणि पाण्यात पडलेलं एक पान किती वेगानं सरकतंय ते निरखत राहिले. मग म्हणाले, "कालवा भारी हाये. पण याचं हेड कुठंय गं?" हेड म्हणजे कालव्यात पाणी जिथून येतं ते तोंड.

या गावात मला सहा वर्षं झाली होती. विमानांच्या कामानिमित्त इथे आले, पहिल्याच वर्षी सायकल घेतली, आणि याच काठानं शेकडो वेळा गेले असेन. पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता, याची मला खरोखर लाज वाटली.

कारण मी कालव्याच्या गावची. श्रीरामपूर तालुक्यात आमची जमीन आहे, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं पाणी नदीनं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत, आणि सगळ्यांचं भागलं तर आमच्याकडे. आम्ही टेलला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की घरात दुसरा विषय नसायचा. हेडवाल्यांनी दारं लवकर बंद केली का, पाणी वाटून देणारा पाटकरी कुणाच्या बांधावर बसलाय, आपली पाळी रात्रीची की पहाटेची. अण्णा कंदील घेऊन दारं धरायला जायचे आणि मी शाळेला जायचे ते कालव्याच्या भरावावरून, बाविशीच्या सायकलवर. पाणी दिसलं की ते कुठून येतं हे विचारायचं, ही आमच्याकडची रीतच आहे.

अण्णांनी पुढचा प्रश्न विचारला तो तर वर्मावर बोट ठेवणारा होता. मी त्यांना सांगितलं होतं की या कालव्यातून होड्या भूमध्य समुद्राकडे जातात, आणि तुलूझच्या पुढे गारोन नदीकाठच्या दुसऱ्या कालव्यानं अटलांटिककडे. म्हणजे मध्ये कुठेतरी उंचवटा आला. "मंग त्या टेकाडावर पाणी चढवलं कुणी?"

साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न पिअर-पॉल रिके नावाच्या माणसाला पडला होता. तो इंजिनिअर नव्हता. लांगडॉक प्रांतातल्या मिठाच्या कराचा मक्ता त्याच्याकडे होता. दोन समुद्र जोडायची कल्पना जुनीच होती, अडत होतं ते पाण्यापाशी. रिकेनं उत्तरेच्या मोंताञ न्वार, म्हणजे काळ्या डोंगरातले ओढे अडवून ते पाणी पाटानं माथ्यावर आणायचं ठरवलं. चौदाव्या लुईच्या मंत्र्याला, कोल्बेरला, ते पटलं. १६६६ मध्ये फर्मान निघालं, १६८१ मध्ये कालवा खुला झाला. तुलूझपासून समुद्राकाठच्या थो सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. रिके स्वतः १६८० च्या ऑक्टोबरात गेला, उद्‌घाटनाच्या सातच महिने आधी.

या पाटांना फ्रेंचमध्ये 'रिगोल' म्हणतात. नकाशात त्या शेतांतून आणि जंगलातून गेलेल्या दोन बारीक निळ्या रेघा दिसल्या आणि शेजारून तुटक रेघेनं दाखवलेली पायवाट. अण्णा परत गेले, पण माझा बेत पक्का झाला. या ऑक्टोबरात तीन दिवस काढून कालव्यावरून उलटं, पाण्याच्या विरुद्ध, हेडपर्यंत जायचं.

माझी सायकल ग्रॅव्हल आहे. दिसायला रेसिंगची, पण टायर चाळीस मिलिमीटर रुंद, खडबडीत, ट्यूबलेस. खडी, माती, पाचोळा, डांबर, सगळ्यावर चालते, आणि हाच तिचा गुण. तयारीत मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो टायरच्या हवेवर. डांबरावर पन्नास पीएसआय बरे वाटतात, पण तेवढ्याच हवेनं खडीवर गेलं की तासाभरात मनगटं बधिर होतात आणि मुळांवर चाक उड्या मारतं. माझ्या वजनाला, सामानासकट, खडीवर बत्तीस-तेहेतीस योग्य. अंगठ्यानं दाबलं तर टायर जरासा दबतो आणि लगेच उलटून दाबतो, एवढंच हवं. आत भोक बुजवणारं नवं सीलंट भरलं, दोन सुटे गिअर-केबल, चेनची कडी, आणि एक सुटं डिरेलर हँगर घेतलं. हँगर म्हणजे मागचा डिरेलर, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, सायकलच्या सांगाड्याला जोडणारा बोटाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम मऊ केलेला असतो. मार बसला तर तो वाकावा आणि सांगाडा वाचावा म्हणून.

शुक्रवारी निघाले. ऑक्टोबरात इथे आठ वाजेपर्यंत उजाडत नाही, म्हणून पहिला तास दिव्याच्या उजेडात. शहर संपलं आणि समोरून वारा लागला. या भागात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'ओताँ' म्हणतात. तो सुटला की दोन-तीन दिवस थांबत नाही, आणि त्यानं माणसाचं डोकं फिरतं असं इथले लोक सांगतात. मला नेमकं त्याच्याच तोंडात जायचं होतं. प्लेनची झाडं थोडा आडोसा देतात. ही झाडं आजारी आहेत. एक बुरशी त्यांना आतून वाळवत आणते, या कालव्यावर ती २००६ मध्ये सापडली आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली आहेत. जिथे तोडली तिथे वाट एकदम उघडी पडते आणि ओताँ छातीवर येतो. शंभर-दीडशे वर्षांची झाडं होती ती, त्यांची मुळं भराव धरून ठेवायची. रिकामा काठ बघताना मला आमच्या कालव्यावरच्या तोडलेल्या बाभळी आठवल्या.

वाटेत नेग्राच्या लॉकजवळ थांबून भाकरी खाल्ली. (भाकरी खरीच. ज्वारीचं पीठ मी तुलूझमध्येही मिळवते.) लॉक म्हणजे पाण्याचा जिना. होडी हौदात घ्यायची, दारं लावायची, हौद भरायचा, होडी वर. इथल्या लॉकचे हौद अंड्यासारखे गोलसर आहेत. सुरुवातीला सरळ भिंती बांधल्या होत्या, त्या मातीच्या दाबानं कोसळल्या. मग भिंती बाहेर फुगवून बांधल्या, म्हणजे आडव्या ठेवलेल्या कमानीसारख्या. आमच्याकडच्या जुन्या विहिरी गोल बांधतात त्यामागे हेच कारण आहे, हे मला तिथे काठावर बसून उमगलं.

पन्नासेक किलोमीटरवर नोरूझ येतं आणि त्याच्या जरा अलीकडे जिल्हा बदलला की डांबर संपतं. हवा कमी केली, टायरनं खडीवर करकर आवाज सुरू केला आणि सहलीला खरी सुरुवात झाली.

नोरूझ म्हणजे तो उंचवटा. समुद्रसपाटीपासून १८९ मीटर, संपूर्ण कालव्याचा माथा. भरगच्च झाडीतून डोंगरातलं पाणी येतं, कालव्याला मिळतं आणि दोन वाटांनी जातं, थोडं अटलांटिककडे, थोडं भूमध्याकडे. टेकडीवर रिकेच्या वंशजांनी उभारलेला स्तंभ आहे, तो ज्या मोठाल्या भेगाळ दगडांवर उभा आहे त्यांच्या भेगा ज्या दिवशी बुजतील त्या दिवशी जग बुडेल अशी आख्यायिका आहे. मी स्तंभापाशी फार रेंगाळले नाही. जिथे पाणी फुटतं तिथे मात्र अर्धा तास उभी होते. एक फांदी टाकून बघितली. ती डावीकडे, म्हणजे भूमध्याकडे गेली.

इथून कालवा सोडून मी मैदानी रिगोलच्या वाटेला लागले. ही जवळपास चाळीस किलोमीटरची आहे. आणि पहिल्याच वळणावर मला हसू फुटलं, इतकं ते ओळखीचं होतं. हा पाटच! तीन-चार मीटर रुंद, दोन्हीकडे भराव, भरावावर चाकोरी, मध्ये गवत. पाणी एका संथ लयीत समोरून येतंय. अधूनमधून जुनी लोखंडी दारं, दात्यांच्या पट्टीची, किल्लीनं फिरवायची. पलीकडे सूर्यफुलं काढून नांगरलेली रानं. या मुलखात पंधराव्या-सोळाव्या शतकात 'पास्तेल' नावाच्या पानांपासून निळा रंग काढायचे आणि त्यावर तुलूझचे सावकार गब्बर झाले होते. पुढे समुद्रमार्गे हिंदुस्थानातली नीळ आली आणि तो धंदा बसला.

रिगोल सरळ जात नाही. लेव्हल धरून जाते, त्यामुळे प्रत्येक टेकाडाला वळसा. आपण उताराविरुद्ध चाललोय हे पायांना कळतही नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि इथली चिकणमाती आमच्या काळीसारखीच टायरला लोळ्या-लोळ्यांनी चिकटते. दोन ठिकाणी उतरून काटकीनं चिखल खरवडावा लागला. पाण्याची बाटलीही संपली. गावातली दुकानं दुपारी बाराच्या पुढे तीन-चार तास बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी इथले सायकलवाले स्मशानभूमीत जातात. प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतो आणि 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नसेल तर तो सहसा गावाच्याच नळयोजनेचा असतो. पहिल्या वर्षी माझं मन धजलं नव्हतं. आता मी फाटक हळूच उघडते, बाटली भरते, आणि जवळच्या एखाद्या कोमेजलेल्या कुंडीत ओंजळभर घालून निघते.

रेव्हेल पंधरा किलोमीटर राहिलं असताना घोळ झाला. पाचोळ्याखालची काटकी मागच्या चाकात उडाली, कट्‌ असा आवाज आला आणि पेडल जागीच अडलं. बघते तर डिरेलर आत, चाकाच्या तारांकडे कललेला. हँगर वाकलं होतं. सुटं काढलं, लावून बघितलं, तर त्याची भोकंच जुळेनात. दुकानदारानं माझ्या सायकलचं म्हणून दुसऱ्याच मॉडेलचं दिलं होतं, आणि मी घरी लावून बघितलं नव्हतं. राग आला, पण रानात राग धरून काय करणार. चेन सगळ्यांत लहान दात्यावर, म्हणजे दातेरी चकतीवर, घेतली, डिरेलरच्या बोल्टमध्ये पाच नंबरची ॲलन की घातली, एका हातानं सांगाडा धरला आणि की बाहेरच्या बाजूला अगदी थोडी, केसभर, ओढली. थांबले. मागून एक डोळा मिटून बघितलं, डिरेलरची वरची खालची दोन्ही छोटी चाकं दात्याच्या रेषेत येतात का. अजून केसभर. अ‍ॅल्युमिनियमला एकदा वाकवलेलं सोसतं, परत-परत नाही, म्हणून ताकद लावायची नाही. चौथ्या खेपेला रेष जुळली. सर्वांत मोठा दाता वापरायचा नाही असं ठरवून मधल्या गिअरवर हळूहळू रेव्हेलला पोचले तेव्हा अंधार पडला होता.

शनिवारी रेव्हेलचा बाजार. १३४२ साली वसवलेलं हे गाव, मधोमध लाकडी खांबांचा भलामोठा मंडप, आणि सगळा बाजार त्याच्याभोवती. गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्यानं हँगरच्या भोकात एक लांब दांडी बसवली, तिचं टोक चाकाच्या धावेला चार ठिकाणी टेकवून अंतर बघितलं आणि माझ्या हातानं सरळ केलेलं हँगर फक्त दोन मिलिमीटर चुकलंय असं सांगितलं. मला फार बरं वाटलं.

गावाजवळ पाँ क्रूझे इथे सोर नदीचं पाणी रिगोलमध्ये वळवलंय. फोटो अण्णांना पाठवला, खाली लिहिलं, "हेड?" तासाभरानं उत्तर आलं, "हा बंधारा झाला. धरण कुठं?"

धरण वर होतं. तीन-चार किलोमीटरचा चढ, आणि झाडीतून एकदम सँ-फेरेऑलचं पाणी. हे धरण १६६७ ते १६७२ या काळात बांधलं. दगडी भिंतींमध्ये मातीचा भराव, लांबी पाऊण किलोमीटरहून जास्त. खाली बागेत उंच कारंजं उडतं, त्याला पंप नाही, तलावाच्या दाबावरच उडतं. भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल आठवला. सँ-फेरेऑलच्या संग्रहालयात या कामावरच्या मजुरांची माहिती आहे. एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं राबत होती. रिके त्यांना रविवारचा आणि पावसाच्या खाड्याचाही रोज द्यायचा. धरणावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. आमची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिच्या तळहातांवरचे घट्टे मला अजून आठवतात. या बायकांची नावं कुठे नाहीत. मी तलावाकाठी बराच वेळ बसले.

त्या रात्री वर ले कामाझमध्ये मुक्काम केला. रविवारी सकाळी थंडी इतकी की बोटं ब्रेकवर वळेनात. इथे डोंगराच्या पोटातून खोदलेला बोगदा आहे, सव्वाशे मीटरच्या आसपास, व्होबाँ या लष्करी इंजिनिअरच्या सांगण्यावरून १६८६-८७ मध्ये केलेला. आधी डोंगरी रिगोलचं पाणी सोर नदीत सोडत. व्होबाँनं ते पुढे नेऊन बोगद्यातून पलीकडच्या लोदोच्या खोऱ्यात उतरवलं, म्हणजे ते थेट सँ-फेरेऑलच्या धरणात जातं. पावसाळ्याचं पाणी साठवायचं, उन्हाळ्यात सोडायचं.

बोगद्यापासून पुढे पंचवीसेक किलोमीटर डोंगरी रिगोल, सगळी जंगलातून. मी फ्रान्समध्ये बऱ्याच वाटा चालवल्या आहेत, पण अशी दुसरी नाही. बीचची झाडं पिवळी पडलेली, खाली तांबूस पाचोळ्याची गादी, चेस्टनटची काटेरी बोंडं फुटलेली. वाट जेमतेम मीटरभर रुंद. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, आणि मध्ये हाताशी वाहणारं पाणी, इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. टायरचा आवाज पाचोळ्यात विरून जातो. ओल्या मुळांवर मात्र सावध राहावं लागतं. मूळ तिरकं ओलांडलं की चाक घसरतं, म्हणून हँडल सरळ ठेवायचं, ब्रेक सोडायचा, बूड सीटवरून उचलायचं आणि सायकलला तिच्या मनानं जाऊ द्यायचं.

मध्येच 'शिकार सुरू आहे' अशी पाटी दिसली. शरद ऋतूत इथे रानडुकरांची हाके घालून शिकार होते. मी भडक नारिंगी बंडी आणलीच होती. पुढे तसल्याच बंडीतले एक आजोबा बंदूक मधून उघडून मांडीवर ठेवून बसले होते. त्यांना बोंजूर केलं आणि जाऊ का विचारलं. "जा मादाम, पण आवाज करत जा. गाणं म्हणा." मग मी लाँपीच्या तलावापर्यंत, घाबरत घाबरत आणि मोठ्यानं, हरिपाठाचे अभंग म्हणत गेले.

वाटेत डोंगरातून येणारा प्रत्येक ओढा रिगोल आपल्यात घेते. रिकेला ही वाट आखायला रेव्हेलच्या पिअर काँपमास नावाच्या माणसानं मदत केली होती. गावच्या पाण्याची कामं बघणारा, डोंगरातला एकेक झरा माहीत असलेला. मला तो पाटकरीच वाटतो.

दुपारी बाराच्या सुमारास रिगोल अरुंद झाली आणि समोर आल्झो आला. उडी मारून ओलांडावा असा ओढा. त्यावर दगडी बंधारा, बाजूला एक दार, तिथून पाणी वळून रिगोलमध्ये शिरतं. बस, इतकंच. बाकी शेवाळ, झाडं आणि पाण्याचा आवाज. मी सायकल झाडाला टेकवली, बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. हेच पाणी बोगद्यातून, धरणातून, पाटानं नोरूझला, आणि तिथून माझ्या घराजवळच्या काठाशी. दाराच्या तोंडाशी पानांचा जाड थर साचून पाणी फुगलं होतं. चैन पडेना. बाही वर करून दोन्ही हातांनी ओंजळी-ओंजळीनं पानं काढून काठावर टाकली. पाण्याचा आवाज बदलला, मोकळा झाला.

तिथे फोनला रेंज नव्हती. व्हिडिओ काढून ठेवला. उतारानं सैसाक, मग पुस्तकांच्या दुकानांचं गाव मोंतोलियू, तिथून कार्कासॉन, आणि संध्याकाळच्या गाडीत सायकल हुकाला टांगून तुलूझ. व्हिडिओ मोंतोलियूतच गेला होता. गाडीत बसल्यावर अण्णांचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, एरवी ते नऊला झोपतात.

"बघितलं चार-पाच येळा. एवढुसा वढा?"

"हो ना अण्णा. असे चार-पाच धरलेत त्यांनी."

"आन्‌ दारापाशी पाला साचतोय तो? काढाया माणूस हाये का कुणी?"

"असेल की. आज रविवार होता. मी काढला थोडा."

"सगळा?"

"तोंडाचा सगळा. आतला हाताला लागत नव्हता."

"मंग ठीक," अण्णा म्हणाले. "खोरं पाह्यजे व्हतं."